हिरव्या खणाचा ब्लाउज

आम्ही मुलुंडची माणसं गिरगावात जायचं झालं की ‘मुंबईला जातो’ म्हणायचो, जणू मुलुंड मुंबईत नव्हतंच. नाटक बघायचं ते मुंबईला. एकामागून एक थिएटरं, नटनट्यांच्या चेहऱ्यांचे रंगीत बोर्ड, नाटकाचे कपडे भाड्याने देणारी दुकानं, प्रयोग सुटल्यावर इराण्याकडे चहा. प्रेक्षक म्हणून त्या भागात मी पुष्कळदा गेले. मेकअप रूमच्या दाराने मात्र एकदाच, ऐंशीच्या दशकात.

गिरण्यांचा संप होऊन गेला होता आणि बाबा घरी बसले होते. आई शिवणकाम करायची, मी भांडुपला एका औषध कंपनीत पॅकिंगला होते. थोरला भाऊ, म्हणजे आमचा दादा, वर्कशॉपात फिटर. कोकणातल्या आमच्या गावच्या मंडळाची नाटकं तोच बसवायचा. त्या वर्षी मंडळाने हिंमत करून गिरगावातलं थिएटर घेतलं आणि दादा मला म्हणाला, यंदा सुनेच्या कामाला तू उभी राहा.

मंडळाच्या नाटकांत बायकांच्या कामाला बाहेरची नटी आणायची पद्धत होती. ती शेवटच्या एकदोन तालमींना यायची. तोवर कुणीतरी तिच्या जागी उभं राहून संवाद म्हणायचं, त्याला प्रॉक्सी म्हणत. मला वाटलं, दादाने यंदा ती पद्धत मोडली. सख्ख्या भावावर शंका घ्यायची कशाला?

कामावरून सुटले की मी तालमीला पळायची. शाळेच्या वर्गात बाकं भिंतीला लावून आमची तालीम चाले. शेवटच्या अंकात सून रागाने सासूच्या पायाशी किल्ल्यांचा जुडगा फेकते, असं लिहिलं होतं. मी फेकला नाही. कमरेचा जुडगा सावकाश काढून सासूच्या ओटीत ठेवला. दादा म्हणाला, हे असंच ठेवायचं. त्या दिवशी मी हवेत तरंगत घरी आले, खोटं कशाला बोलू?

घरी आई नाटकासाठी हिरव्या खणाचा ब्लाउज शिवत होती. तिने माझं माप घेतलं नाही. आईला लेकीचं माप पाठ असतं, असं मी धरून चालले. दादा दर रविवारी ‘थिएटरच्या कामाला’ गिरगावात जायचा, तेही मला खरंच वाटायचं. बाबांना पहिल्या रांगेत बसवायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

प्रयोग दुपारचा होता. आईला नाटकाचं भारी वेड, पण त्या दिवशी पाय दुखतात म्हणून ती घरीच राहिली. मेकअप रूममध्ये मी ब्लाउज घातला तर खांद्यावरून घसरायला लागला. आई चुकली कशी, म्हणत मी आरशासमोर सेफ्टी पिना लावत होते. तेवढ्यात एक बाई बॅग घेऊन आत आली आणि अगदी सहज म्हणाली, “अगं, माझा आहे तो. माप दिलं होतं ना मी.”

मी एकेक पिन काढली. ब्लाउज तिच्या हातात देऊन मी दादाला विंगेत गाठलं. आजूबाजूला माणसं होती, म्हणून मी आवाज चढवला नाही.

“मला आधी का नाही सांगितलंस?”

“सांगितलं असतं तर तालमीला आली असतीस तू?” दादा म्हणाला. “इथे तिकीट लावलंय. लोकांना नटी लागते. समजून घे ना.”

समजून घेण्यासारखं त्यात काय होतं, ते मला आजही कळलेलं नाही. गिरगावातल्या तिच्या रविवारच्या तालमी आणि माझ्या संध्याकाळी वापरून त्याने नाटक उभं केलं होतं. ती बाई वाईट नव्हती. कामही चोख केलं तिने. शेवटच्या अंकात तिने जुडगा सावकाश काढला, सासूच्या ओटीत ठेवला, आणि टाळ्यांनी थिएटर दणाणलं. विंगेत उभं राहून मी ते ऐकलं. पहिल्या रांगेत बाबा मान उंचावून मला शोधत होते. निदान त्यांना तरी ठाऊक नव्हतं.

मी एकटीच घरी परतले. आईने दार उघडलं, माझ्याकडे पाहिलं आणि पान वाढायला वळली.

“ब्लाउज तिला अगदी मापात बसला,” मी म्हटलं.

आई पाठमोरीच म्हणाली, “तुका सांगूचा कसा, ताच माका कळाक नाय.”

दादाला मी पुढे कधीतरी माफ केलं. आईचं मात्र मनातून जात नाही. त्या दिवसांत मी रोज तिच्या मशीनशेजारी बसून संवाद म्हणायची. मी अडखळले की आई मशीन थांबवायची, पुढचा शब्द सांगायची, आणि पुन्हा त्या बाईच्या बाह्या शिवायला लागायची.