मुकादमाचा दुसरा स्कॅन

आधी नाव घेतो ते माझ्या सिंधूआत्याचं. कुंभार पिंपळगावची ही बाई जालन्याच्या एका जिनिंगमध्ये कापसाच्या धुळीत राबली, म्हणून आमच्या घरातला पहिला पदवीधर मी झालो. आज मी जालन्यातच सीटी स्कॅन टेक्निशियन आहे. मशीनमध्ये दिसतं तेच खरं, असं मानणारा... त्यामुळे भुताटकीच्या गोष्टींना मी हसायचो.

आमच्या डॉक्टर मॅडम जुनाट दम्यात श्वासनलिका कशा बदलतात, याचा अभ्यास करतात. जिनिंगच्या बायकांचे स्कॅन झाले. आत्याच्या नळ्या जाड झालेल्या, आत वाट सुताएवढी. तुलनेसाठी धुळीबाहेरची माणसं हवी होती. त्यात जिनिंगचाच जुना मुकादम आला. हा कायम काचेच्या केबिनमध्ये बसायचा.

"सिंधूचा भाचा ना रे तू? अजून खोकल्याची नाटकं करून राह्यली का ती?"

मी त्याला मशीनच्या टेबलावर आडवं केलं. जिनिंगमध्ये तपासणीचे साहेब आले की हाच आत्याला दरडावायचा — "साहेब जाईपर्यंत श्वास धर. खोकलीस तर उद्या येऊ नको." ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत धरायची. वाटलं, यालाही एकदा कळावं.

पहिला स्कॅन श्वास भरून. नळ्या स्वच्छ, रुंद. खरं सांगतो, बघून संताप आला. दुसरा स्कॅन श्वास सोडून. सूचना माझ्याच आवाजात रेकॉर्ड केलेली — "श्वास सोडा." पण फुप्फुसं तशीच फुगलेली! मुकादम पाय झाडायला लागला. मी पळत जाऊन त्याला बाहेर काढलं. चेहरा काळानिळा.

"आत... बाई कोण व्हती?"

"कुणीच न्हाई."

"मंग मला कोण म्हणलं, साहेब जाईपर्यंत धर? सोडूच देईना ना!"

इतक्या मोकळ्या नळ्यांतून हवा बाहेर का आली नाही, हे मॅडमना अजून सांगता आलेलं नाही. मलाही नाही. तेव्हापासून त्याचा श्वास अर्धाच सुटतो.

फोनवर बोललं की आत्याला धाप लागते, म्हणून तिला पत्रच पाठवलं —

"ती. आत्यास साष्टांग नमस्कार. मुकादम रोज इथं बाकावर येऊन बसतो. 'सिंधूबाईला म्हणावं, मला माफ कर' म्हणतो. मी हो म्हटलं नाही, नाही पण म्हटलं नाही. ते तू ठरव. घाई करू नको. तुझं उत्तर येईपर्यंत त्याला सांगितलंय — धरून ठेवा.

तुझा गजू"