निमोण्याच्या विहिरीखालचं वाक्य

कपाट आवरताना एमएस्सीची फील्डची वही सापडली. एका पानावर माझ्या अंगठ्याचा तांबडा ठसा आहे. ती माती निमोण्याच्या विहिरीतली.

भूशास्त्राचं माझं पहिलं वर्ष. थरांची आकृती काढायची म्हणून, खोदकाम चालू असलेल्या त्या विहिरीत मी दोर धरून उतरलो होतो. आत सुरुंगाच्या दारूचा वास कोंडला होता. पन्नास फुटांवर तांबडा थर आणि त्याखाली काळा कातळ, एकही भेग नसलेला. वर आलो तर विहिरीचे मालक आप्पा काठावर उकिडवे बसले होते.

"आजून खांदावं का, सायेब? पानी लागंल?"

"खाली पाणी नाही, आप्पा. थांबा आता."

"शिकल्यालं मानूस सांगतंय, म्हंजी न्हाईच," म्हणत त्यांनी हात वर केला. दगड उपसणारी यारी थांबली. एवढा मान मला तोवर कुणी दिला नव्हता.

आकृतीखाली मी तेच वाक्य ऐटीत लिहिलं. पंधरा दिवसांनी सरांनी वही तपासून दिली. अर्धा मार्क कापल्याचा राग मला चांगला आठवतो. निमोण्याला मी पुन्हा गेलो नाही.

'खाली पाणी नाही' या वाक्याशेजारी लाल शाईत सरांचा एकच शब्द आहे: 'कशावरून?'