धक्क्यावरच्या खुणा

आजवर कुणाला सांगितलं नाही ते आधी सांगून टाकतो, नाहीतर नेहमीसारखा शेवटपर्यंत इकडचं तिकडचं बोलत बसेन. सहा वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या बहिणीनं, नंदानं, मला एक मेल पाठवायला सांगितला होता. मी तिला ‘पाठवला’ म्हणालो. पाठवला नव्हता.

आता बाकीच्या गोष्टींबद्दल, ज्यांच्यासाठी तुम्ही गावची माणसं मला बोलता. गाव सोडलं. बाबांना बहिणीच्या अंगावर टाकलं. चाळिशीत पोरासारखा परीक्षा देत बसला. यातल्या एकाचीही मला लाज वाटत नाही. जत्रेला आलो की ‘आला पनवेलकर’ म्हणता, म्हणा. त्या टोमण्याला मी मान खाली घालतो ती दुसऱ्याच कारणासाठी, आणि ते कारण तुम्हाला ठाऊक नाही.

निघालो त्या दिवशी पौर्णिमा होती. उधाणाचं पाणी आमच्या रस्त्यावर येतं, हे उरणच्या खाडीकाठच्या माणसाला सांगायला नको. टेम्पोत कपाट, गॅस, मुलीची सायकल चढवून झाली होती. ड्रायव्हर चहा मागत होता आणि नंदा त्याच्यावर ओरडत होती, “चहा पनवेलात पी! अकराच्या आत डांबरी गाठली नाय, तं दोन वाजेपर्यंत हितंच बसशील पान्यात.”

“ताई, तुमी पंचांग गिळलंय काय?” तो हसला.

“तिचं ऐक,” पडवीत जाळं विणत बसलेले बाबा म्हणाले. “पानी इचारून निघावं मानसानं.”

ते मला जाऊ नको म्हणाले नाहीत, आणि जा असंही म्हणाले नाहीत. शेजारच्या काकांनी मात्र भरपाई केली. “चाळिशी आली आनि आमचा सुदाम शाळंला चालला! दफ्तर घेतलंस का रं?” सगळे हसले. मीही हसलो. बायको हसली नाही. अकराला दहा कमी असताना टेम्पो डांबरीवर चढला आणि मी मागे पाहिलं, तर पाणी रस्त्याच्या कडेला लागलं होतं. नंदाचा हिशेब बरोबर होता. तिचा हिशेब बरोबर येतो, हे आतापासूनच लक्षात ठेवा.

मी कंटेनर यार्डात गेटवर बसून कंटेनरचे नंबर कॉम्प्युटरवर चढवायचो. चौदा वर्षं, कंत्राटी. मग गेटवर कॅमेरा बसवायचं ठरलं, जो नंबर आपोआप वाचतो. लोकांनी कॅमेऱ्याला शिव्या घातल्या. मला वाटलं, हा नंबर वाचतो कसा? तिथून माझं कोडिंग सुरू झालं. जुना लॅपटॉप घेतला, यार्डातल्या इंटरनेटवरून फुकट धडे उतरवून घेतले. मी अडलो की नंदाला विचारायचो, कारण ती गणितात बीएस्सी होती आणि दहावीच्या मुलांच्या शिकवण्या घेत घरीच होती. महिनाभरात ती माझ्यापुढे गेली. मग तीच म्हणाली, “दादा, दोघंपन इंटरव्ह्यू देऊ. आधी तू. तुला घर चालवायचंय.”

मुलाखतीत गणितासारखी कोडी घालतात आणि ती फळ्यावर, माणसांसमोर, तोंडानं बोलत सोडवायची असतात. मी पडलो घुम्या. घरात सणाला चार वाक्यं बोलणारा. दुपारी शिफ्ट संपली की नंदा मला दाराच्या फळीवर खडूनं लिहायला लावायची आणि स्वतः खुर्चीत कंपनीची मोठी साहेब होऊन बसायची. “बोल! गप बसलास तं मला कसं कळंल, विचार करतोस का झोपलास?” मी म्हणायचो, डोक्यात चाललंय. “डोक्यातलं साहेबाला दिसत नाय. तोंडात आन.” दार पांढरं होईस्तोवर माझ्याकडून एकेक कोडं चार चार वेळा करून घेतलं तिनं. बाबा जाळ्यातून मान वर न काढता विचारायचे, “आज पास झाला का रं साहेब?”

कोडी सोडवून भागत नाही, स्वतः बनवलेलं काहीतरी दाखवावं लागतं. आम्ही गावच्या होड्यांसाठी एक ॲप बनवायला घेतलं. आमच्या धक्क्याला ओहोटीत नुसता चिखल असतो; होडी कधी निघेल, कधी परत लागेल, हे पाण्यावर. बाबांचं गणित सोपं होतं, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. एकादशीला सव्वाआठ. पण ते समुद्राचं. आत आमच्या खाडीला पाणी उशिरा चढतं, किती उशिरा हे कुणी मोजलं नव्हतं. नंदानं मोजलं. धक्क्याच्या खांबावर तिनं रंगानं वीतवीतभर अंतरावर खुणा केल्या आणि दोन महिने, रोज, वही घेऊन जाऊन बसली. चाळीस मिनिटं, उधाणाला थोडी कमी, भांगेला, म्हणजे अष्टमीच्या कमी भरतीला, थोडी जास्त. ते सगळं तिनं कोडमध्ये बसवलं. मी काय केलं? बटणं, रंग, अक्षरं. तेही नीट केलं, उगाच कमीपणा घेत नाही. पण पाण्याचं गणित तिचं.

कोडमध्ये कुणी, कधी, काय बदललं याची नोंद राहते. लॅपटॉपवर सुरुवातीला एकदा नाव भरायचं, पुढचा प्रत्येक बदल त्या नावावर चढतो. लॅपटॉप माझा, नाव माझं. मी म्हटलं होतं, तुझ्या कामाला तुझं नाव लावू या. ती म्हणाली, “असू दे रे. घरचंच हाय.” आमच्याकडे वीजबिलापासून होडीपर्यंत सगळं घरच्या पुरुषाच्या नावावर. आजोबा गेल्यावर आमच्या दोन्ही आत्यांनी तलाठ्याकडे हक्कसोडीवर सह्या केल्या, जेवल्या, साडी घेऊन गेल्या. कुणी कुणाला फसवलं नाही, असंच सगळे मानत आलो. नंदाही तेच म्हणाली आणि मीही तेच मानलं. मानायला फार बरं असतं ते.

पनवेलला खांदा कॉलनीत एका खोलीत आम्ही तिघं राहायला आलो. गावात मोबाइलची रेंज धक्क्यावर एका पायावर उभं राहिलं तर यायची. मुलाखतीचे फोन तिथं कसे घेणार? यार्ड सोडून आलो होतो. तीन कंपन्यांनी नको म्हटलं. एकीच्या दारात वॉचमन म्हणाला, “काका, मुलाला सोडायला आलात? पालकांनी बाहेर बसायचं.” मी म्हटलं, मुलगा मीच. चौथ्या कंपनीत समोर दोघं होते, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान. मी फळ्यावर बोलत बोलत कोडं सोडवलं, अगदी नंदानं शिकवलं तसं. मग त्यांनी ॲप उघडलं. त्यातली मुलगी म्हणाली, हे खाडीच्या उशिराचं फार सुंदर आहे, कसं सुचलं?

मी म्हणालो, मी धक्क्यावरच्या खांबाला खुणा केल्या, दोन महिने रोज मोजलं.

तोंडात आण, असं शिकवलं होतं ना. आणलं. नोकरी त्या वाक्यावर मिळाली.

चार महिन्यांनी नंदाची मुलाखत होती, बेलापूरच्या एका छोट्या कंपनीत. दुपारी तीनला ती खांदा कॉलनीत आली, चप्पल दाराशी काढता काढताच बोलायला लागली. कोडी सगळी सुटली होती. मग त्यांनी तेच ॲप पाहिलं आणि विचारलं, सगळे बदल एकाच माणसाच्या नावावर, आणि तो माणूस तुम्ही नाही, हे कसं? “मी सांगितलं, भावाचा लॅपटॉप. तं म्हनाले, भावाला उद्यापर्यंत एक मेल करायला सांगा, कुठला भाग तुमचा ते. मग आमचं काय म्हननं नाय. तू कर ना आत्ता.”

मी समोर बसून मेल लिहिला. मोडक्या इंग्रजीत चार ओळी: पाण्याचं सगळं गणित माझ्या बहिणीचं आहे, खुणा तिनं केल्या, मोजणी तिची. बायको पोह्यांवर खोबरं घालत होती. आणि मला दिसायला लागलं की हे आता लेखी होतंय. माझी नोकरी अजून कायम झाली नव्हती. नवी मुंबईतल्या कंपन्यांत माणसं इकडून तिकडे जातात, एकमेकांना ओळखतात. बेलापुरात पोचलेली गोष्ट माझ्या ऑफिसात किती दिवसांत पोचेल? खोलीचं भाडं, मुलीची शाळा, आणि गावात परत जायचं ते काकांच्या हसण्यात.

“पाठवला?” नंदानं विचारलं.

“पाठवला.”

तिनं पोहे खाल्ले, मुलीची वेणी घालून दिली आणि पाचच्या एसटीनं गेली. बेलापूरहून तिला आठवड्यानं नकार आला.

तुम्ही म्हणाल, परिस्थिती होती. तुमच्यातले जे माझ्यासारखे इकडे आलेत, कळंबोलीला, खारघरला, ते तर नक्की म्हणतील, कारण आपण एकमेकांना फार लवकर माफ करतो. नका करू. परिस्थिती यार्डात चौदा वर्षं होती, तेव्हा मी कुणाचं काही उचललं नव्हतं.

आता मी रोडपालीला राहतो, तिसऱ्या मजल्यावर, खिडकीतून हायवेचे ट्रक दिसतात. कधी त्यांच्यावर माझ्या जुन्या यार्डाचे कंटेनर असतात; नंबर आपोआप वाचले जातात माझ्याकडून, सवय. ऑफिसात आता मुलाखती मीच घेतो. समोरच्या मुलांना मी एक प्रश्न हमखास विचारतो, यातलं तुमचं नेमकं कुठलं? हा प्रश्न मी कुणाला विचारतोय, हे त्या मुलांना माहीत नसतं.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीत मी नंदाला म्हटलं होतं, परत तयारी कर, मी मदत करतो. ती मासे साफ करत होती. “कशाला रे? तुझा मेल जाऊनपन नाय घेतलं त्यांनी. म्हंजे कामातच दम नव्हता.” राग नव्हता तिच्या आवाजात. तिनं हिशेब केला होता, आणि तिचा हिशेब बरोबरच येतो. मी तिला आकडाच खोटा दिला होता. त्या क्षणी बोलायला हवं होतं. मी विळीखालचे खवले गोळा केले आणि बाहेर टाकून आलो.

मागच्या महिन्यात तिचा फोन आला. “दादा, खाडीला नवा बांध घातलाय ना, तवापासून पानी बारा मिनिटं अजून मागं पडतंय. ॲपात बदल कर. परवा दोन होड्या चिखलात बसल्या, शिव्या मला पडतात.” म्हणजे ती अजून मोजते. ॲप अजून गावात चालतं, आणि खांबावर रंग अजून तीच देते. मी आकडा बदलला, आणि तो बदल माझ्या नावावर चढला. इतक्या वर्षांत असे शेकडो बदल तसेच चढले असतील. या वेळी मी लॅपटॉप मिटू शकलो नाही. जुन्या मेलबॉक्सात गेलो. अर्धवट लिहून ठेवलेल्या पत्रांत तो मेल होता, चारही ओळी, एकही चूक न दुरुस्त केलेला.

मग हे लिहिलं, इथपर्यंत. आणि रविवारी कागद घेऊन गावी गेलो.

धक्क्यावर भरतीची वेळ होती. बाबा आता चालत नाहीत फारसे, ते पडवीतच. नंदा पायरीवर बसून वाचत होती आणि मी खांबाकडे बघत होतो. तिनं वाचून संपवलं, पहिलं पान परत काढलं, परत वाचलं.

“सहा वर्सं मी सोताला ढ समजले, दादा,” ती म्हणाली.

मला दाराच्या फळीसमोर उभं असल्यासारखं झालं, फक्त या वेळी ती ‘बोल’ म्हणाली नाही.

मी विचारलं, हे छापायला देऊ का? नको म्हणालीस तर इथंच फाडतो.

तिनं माझ्या खिशातलं पेन घेतलं. कागदावर काहीतरी केलं, माझ्या हातात दिलं आणि बाबांना जेवण वाढायला निघून गेली. वळून म्हणाली तेवढंच, “दे छापायला. पन बरोबर तरी छाप.”

दोन दुरुस्त्या होत्या. तिच्या फोनबद्दल लिहिताना मी अकरा मिनिटं लिहिलं होतं, ते खोडून तिनं बारा केलं होतं. आणि पहिल्या परिच्छेदातल्या ‘नंदा’वर काट मारून वर पूर्ण नाव लिहिलं होतं. पहिली दुरुस्ती मी वर केली आहे. दुसरी अगदी शेवटी करतो, कारण वर ती नुसती माझी बहीण होती.

मला विचारतात, आता घर कुठलं मानतोस, पनवेल की गाव? दोन्ही. दोन्हीकडे मी नंदानं खुणा केलेल्या त्या खांबाच्या आधारावर उभा आहे. गाव सोडल्याबद्दल मी माफी मागणार नाही, उद्या परत सोडावं लागलं तरी सोडेन. ऑफिसात हे सांगितल्यावर नोकरी गेली, तर सेहेचाळिसाव्या वर्षी पुन्हा फळ्यासमोर उभा राहीन; मला शिकवलंय चांगल्या माणसानं. कोडमधल्या त्या प्रत्येक बदलावरचं माझं नाव काढून तिचं घालायचं काम मी सुरू केलं आहे. तिची सहा वर्षं मला परत देता येणार नाहीत.

पाण्याचं गणित नंदिनी हरिश्चंद्र म्हात्रे हिचं आहे. धक्क्यावरच्या खुणा तिच्या आहेत. ज्या दोघांसमोर मी त्या माझ्या म्हणून सांगितल्या, त्यांना हे अजून सांगितलेलं नाही. तेवढं सांगणं माझ्याकडे बाकी आहे.