दुसऱ्या वर्गातली परीक्षा

बाबा शाळेत गणित शिकवायचे, पण परीक्षा स्वतःच्या वर्गात कधी घ्यायचे नाहीत. सातवीच्या पोरांना उठवून पाचवीच्या वर्गात नेऊन बसवायचे. कारण सातवीच्या भिंतीवर पाढे, सूत्रं, सगळं त्यांनीच रंगवून ठेवलेलं. पोरं कुरकुरली की म्हणायचे, "इथं भिंत पास होती रे, तुम्ही न्हाई." मीही त्याच पोरांत होते. पाचवीच्या कोऱ्या भिंतीकडे बघत बसले की मला बाबांचा भयंकर राग यायचा.

आता मी अंबडला घरी बसून पुण्याच्या एका कंपनीसाठी शेल स्क्रिप्टच्या चाचण्या लिहिते. शेल स्क्रिप्ट म्हणजे संगणकाला एकाखाली एक लिहून दिलेले हुकूम, आणि ते नीट पाळले जातात की नाही ते चाचणी बघते. आई गेल्यावर बाबांना एकटं ठेवायचं नव्हतं, म्हणून घरून करता येईल असं काम धरलं.

काळजी होती ती त्यांच्या डोळ्यांची. पेपर आला की माझ्याकडे सरकवायचे, "मोठ्यानं वाच, उच्चार सुधारतील." वर्षभरापूर्वी हट्टानं नेत्रशिबिरात नेलं, तर आत जाऊन सगळी अक्षरं धडाधड वाचून आले. तरी माझी कुरकुर चालूच. मग ते चिडायचे. "बराबर दिसून राह्यलंय मला. घे परीक्षा!" मी घ्यायचे. ते थेंबही न सांडता चहा गाळायचे, खिळ्यावरची पिशवी अचूक काढायचे, फाटक वाजलं की कोण आलंय ते बसल्या जागेवरून सांगायचे. दर वेळी पैकीच्या पैकी. मला वाटायचं, मीच उगाच किरकिरी.

त्यातच माझ्या कामाचा फज्जा उडाला. माझ्याकडे झाडून सगळ्या पास झालेल्या चाचण्या पुण्याच्या संगणकांवर धडाधड नापास. कंपनीतल्या मॅडमचा फोन आला, "अगं, तुझ्याकडे चालतं, पण तुझ्याकडेच चालतं." मी त्यांच्या यंत्रांना नावं ठेवली. नाचता येईना, अंगण वाकडं.

दोन दिवसांनी चूक सापडली, ती माझ्याच दारात. प्रत्येक संगणकावर काही ठरवून ठेवलेल्या गोष्टी असतात. भाषा कोणती, घरचा फोल्डर कुठला, हुकूम कुठे शोधायचे. त्यांना एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल म्हणतात. स्क्रिप्ट न विचारता त्यांच्यावर विसंबते. मी कधीतरी माझ्या यंत्रावर भाषेची एक सेटिंग लिहून ठेवली होती आणि साफ विसरले होते. तिच्यामुळे माझ्याकडे याद्या एका क्रमाने लागत होत्या, इतरांकडे दुसऱ्याच.

मग मी प्रत्येक चाचणीची सुरुवात कोऱ्या भिंतीपासून केली. आसपासचं सगळं काढायचं, लागेल तेवढंच चाचणीनं स्वतः द्यायचं, तेही हुकूम वाचणाऱ्या जुन्यातल्या जुन्या शेलला कळेल अशा साध्या शब्दांत, आणि काम झालं की होतं तसं परत ठेवायचं. त्यातही एकदा घसरले. जी सेटिंग मुळात नव्हतीच, ती मी परत ठेवताना रिकामी करून ठेवली. रिकामा डबा आणि डबाच नसणं यात संगणकाच्या लेखी मोठा फरक आहे. तेही निस्तरलं. दुपारी मॅडमचा निरोप आला, सगळीकडे पास.

मी खुशीत लॅपटॉप मिटला. समोर बाबा खुर्चीतून उठले, चार पावलं चालले, माठावरचा पेला उचलून पाणी प्यायले आणि परत जागेवर येऊन बसले. या सगळ्यात त्यांनी माठाकडे एकदाही पाहिलं नव्हतं.

आई गेल्यापासून घरातली एक वस्तू हलली नव्हती. पेला वीतभर इकडेतिकडे झाला की ते ओरडायचे, "जिथली वस्तू तिथं!" मी त्याला मास्तरकी म्हणत आले होते.

रविवारी त्यांना एसटीनं तीर्थपुरीला आत्याकडे घेऊन गेले. वर्षभर ते काही ना काही कारण काढून टाळत होते. या वेळी मी ऐकलंच नाही. आत्यानं बाजेजवळ स्टूल ओढून त्यावर चहा ठेवला. बाबांचा हात गेला तो स्टुलाच्या बाजूला, हवेत. आत्या हसली, "दादा, ध्यान कुठंय?" बाबाही हसले आणि पुन्हा हात घातला. कप कलंडला, पांढऱ्या पायजम्यावर चहा पसरला. आत्या फडकं आणायला आत धावली.

बाबांनी चेहरा माझ्याकडे वळवला, माझ्यापेक्षा जरा डावीकडे.

"वर्ग बदललास व्हय गं माझा?"

"तुम्हीच शिकवलंय," मी म्हणाले, आणि मला रडू आवरेना.

"नापास का मंग?"

"बिलकुल नापास. कधीपासून आहे हे? बोलला का नाहीत?"

"तुझं काम नवं. दवाखान्याच्या चकरा मारत बसली असतीस." त्यांनी चाचपडत माझा हात शोधला आणि धरून ठेवला. मला त्यांच्याबद्दल माया दाटून आली आणि रागही तेवढाच आला.

"अहो, पण शिबिरात तर सगळी अक्षरं वाचलीत तुम्ही!"

बाबा खाली बघू लागले. वर्गात चोरी पकडली गेल्यावर पोरं खाली बघतात, तसे.

"माझ्या म्होरं चार जण वाचून गेल्ते," ते म्हणाले. "ऐकून पाठ केल्ती मी. तिथं भिंतच पास झाली गं, मी न्हाई."