टेप दुरुस्त करणारा

मोबाईलवर आमचा एक गट आहे. सगळे साठीच्या पुढचे, बहुतेक कारखान्यांतून निवृत्त झालेले आणि एकजात इंग्रजी रॉक संगीताचे वेडे. रोज सकाळी कुणीतरी एखाद्या केसाळ गिटारवाल्याचा जुना फोटो टाकतो आणि खाली बाकीचे उसासे टाकतात. ‘काय दिवस होते राव!’ ‘आताच्या पोरांना काय कळणार!’ मीही टाकत आलो. पण अलीकडे ‘काय दिवस होते’ वाचलं की माझं डोकं फिरतं. दिवस काय होते ते मला चांगलं माहीत आहे.

येत्या रविवारी सिडकोतल्या एका हॉलमध्ये आम्ही जमणार आहोत. ज्याच्याकडे जुन्या कॅसेटी असतील त्यानं त्या द्यायच्या, गटातला एकजण त्या संगणकावर उतरवून घेणार आणि तिथं सगळ्यांना ऐकवणार, असं ठरलं. मी एकच दिली. चार दिवसांनी त्याचा फोन आला, “गाणं झकास निघालंय. फक्त मधेच कुणीतरी बोलतंय. तेवढं कापून टाकतो.”

“थांब जरा,” मी म्हणालो आणि फोन ठेवला.

त्या काळी मी चिकलठाण्याच्या एमआयडीसीत लेथवर होतो. गाव पिशोर, घरची चांगली शेती. शहरातली खोली काकांच्या ओळखीनं मिळाली होती, नोकरीही. माझ्या शेजारच्या लेथवर तो होता, पाचोडकडच्या एका खेड्यातल्या दलित वस्तीतून आलेला. कामाच्या आवाजात मी एक धून शिट्टीवर वाजवत होतो आणि पुढचा तुकडा त्यानं वाजवला. तेवढ्यावर आमची जोडी जमली. इंग्रजी शब्द दोघांनाही समजत नव्हते. त्यावाचून काही अडतही नव्हतं.

माझ्याकडे रेडिओ होता, त्याच्याकडे टेप. दर रविवारी संध्याकाळी एका परदेशी केंद्रावर अर्धा तास रॉक लागायचं. तो टॉवेलात गुंडाळलेला टेप सायकलला बांधून यायचा. दोन यंत्रं तोंडाला तोंड लावून ठेवायची आणि कॅसेट भरायची. खोलीतला प्रत्येक आवाज तीत जायचा, म्हणून नियम कडक होते. पंखा बंद, स्टोव्ह बंद, खोकलासुद्धा गाणं संपल्यावर. खिशात एक बारीक स्क्रू-ड्रायव्हर ठेवून तो टेपचं हेड जुळवायचा. एखादं गाणं मनासारखं उतरलं, की त्याच स्क्रू-ड्रायव्हरनं कॅसेटच्या मागच्या कडेची प्लास्टिकची पट्टी तोडायचा. ती तोडली की त्यावर चुकूनही दुसरं काही भरलं जात नाही. कायम ठेवायचं त्याचीच पट्टी तोडायची, हा आमचा रिवाज होता.

बाहेर विद्यापीठाच्या नामांतरावरून वातावरण पेटलेलं होतं. आज मोर्चा, उद्या बंद. खेड्यांतून दलितांची घरं जाळल्याच्या बातम्या यायच्या. आमच्या गावच्या पारावर नामांतराविरुद्ध काय भाषा चालते ते मी ऐकून होतो आणि खाली मान घालून बसत होतो. खोलीत आम्ही दोघं त्याबद्दल कधी बोललो नाही. मला वाटायचं, गाण्यापुढं हे सगळं क्षुल्लक आहे. असं वाटून घेणं मला परवडत होतं, हे तेव्हा कळलं नाही.

एका रविवारी भरणं चालू असताना दार वाजलं. थापा कॅसेटमध्ये जातील म्हणून मी धावत जाऊन उघडलं, तर काका. नामांतराविरुद्धच्या सभेसाठी गावाहून आले होते. मी तोंडावर बोट ठेवलं, पण काकांना रेकॉर्डिंगचं काय! त्यांनी आत पाहिलं आणि खड्या आवाजात विचारलं, “कोण हाय हे?”

“कुणी नाय काका. टेप दुरुस्त करायला आलाय.”

“नाव काय त्याचं? कुणाच्यातला हाय?”

“मला काय माहीत!”

त्याचं बोट बटणावर होतं. गाणं चालू होतं, म्हणून तो बोलला नाही. त्याही वेळी त्यानं आमचा नियम पाळला. गाणं संपेपर्यंत आम्ही तिघं तसेच होतो, आणि तेवढं लांब गाणं मी आयुष्यात दुसरं ऐकलेलं नाही. मग त्यानं बटण दाबलं, कॅसेट काढली, खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढून तिची पट्टी तोडली आणि ती माझ्या टेबलावर ठेवली. टेप टॉवेलात गुंडाळला. “झाला दुरुस्त. येतो काका,” म्हणाला आणि गेला.

मला भीती कशाची होती? खोली जाईल, नोकरी जाईल, गावात नाव निघेल. यातलं काहीही झालं असतं तरी मी जगलो असतो. त्याच्या लोकांची घरं जळत होती आणि मी माझी भाड्याची खोली सांभाळत होतो.

सोमवारी त्यानं पाळी बदलून घेतली. पुढं एकदा क्रांती चौकात नामांतराच्या मोर्चात तो दिसला, घोषणा देताना गळ्याच्या शिरा ताणलेल्या. मी जेवणाचा डबा घेऊन कडेला उभा होतो. त्यानं मला पाहिलं, घोषणा पुरी केली आणि पुढं गेला. लवकरच त्यानं कारखानाही सोडला. विद्यापीठाचं नाव बदललं त्या दिवशी पेढा घेऊन त्याच्याकडे जावं असं फार वाटलं. गेलो नाही.

कॅसेट मी ठेवली. तुटलेल्या पट्टीच्या जागी चिकटपट्टी लावली की पुन्हा भरता येतं, हे मला ठाऊक होतं. दोनदा लावलीही. दोन्ही वेळा बटण दाबवलं नाही.

गटातल्या माणसाच्या त्या फोननंतर मी कारखान्यातल्या एका जुन्या सहकाऱ्याकडून त्याचा नंबर मिळवला. मी माझं नाव सांगितल्यावर तो म्हणाला, “बोल.” इतक्या वर्षांनी एवढंच. मी घाईघाईनं गट, हॉल, कॅसेट सगळं सांगितलं आणि विचारलं, “मधलं बोलणं कापू का?”

“पट्टी तोडलेली हाय ना?”

“आहे.”

“मंग मला काय इचारतो? त्या गाण्यातलं तेवढंच तर मला समजलं व्हतं.”

मी म्हणालो, “चुकलं माझं. लई चुकलं.”

“तुझ्या काकांनी माझं नाव इचारलं व्हतं,” तो सावकाश म्हणाला. “ते सांगायचं ऱ्हायलंय अजून. समद्यांसमोर वाजव ते, अन् मग सांग.”

“तू येशील?”

“आधी सांग तर.”

गटातल्या माणसाला मी कळवलं आहे की काही कापायचं नाही, आणि त्या गाण्यानंतर मला दोन मिनिटं हवीत. तो हसून म्हणाला, “जुन्या आठवणी सांगणार वाटतं!” मी व्हय म्हणालो. त्याचं नाव मी इथंही लिहिलेलं नाही, कारण आधी ते रविवारी तोंडानं सांगायचं आहे.