कुंडलच्या सह्या

कमी पटाच्या शाळा बंद करायचा घाट घातला गेला, तेव्हा आम्ही सातारा-सांगलीत सह्यांची मोहीम काढली. कागदावर आमचा जुना नियम होता: उंबऱ्यामागं एक सही. वेबसाइटवरही मी तोच धरला. सहीसोबत इंटरनेटचा पत्ता नोंदवायचा. एकाच पत्त्यावरून ढीगभर सह्या आल्या, तर कुणीतरी बसल्या जागी ठोकल्यात असं समजायचं.

गर्दीनं साइट बसायला लागली, म्हणून ती एका सीडीएनच्या मागं नेली. म्हणजे लोक आणि आमचा सर्व्हर यांच्यामध्ये एका कंपनीची मशिनं उभी राहिली. गर्दी ती झेलणार, आमच्यापर्यंत सही ती पोचवणार.

कुंडलचं काम मेजरांकडं. फौजेतून निवृत्त, साठी उलटलेले. मळ्यामळ्यात फिरून बायकांना त्यांच्याच फोनवर सही करायला शिकवायचे. "दाब की बोट, बाँब न्हाई त्यो!"

इस्लामपूरच्या बैठकीआधी मी कुंडलची यादी उघडली. सगळ्या सह्या दोन-तीन पत्त्यांवरून. डोकंच फिरलं. दुसऱ्या गावाची यादी बघायची तसदीही घेतली नाही. भर बैठकीत उभा राहिलो.

"मेजर, या सह्या तुम्ही घरी बसून ठोकल्यात."

"मी? आरं, दारोदार फिरलोय मी."

"पत्ते खोटं बोलत नाहीत."

मागून कुणीतरी खिदळलं, "फौजेत हजेरी बी अशीच लावत व्हता काय, मेजर?"

मेजर उठून निघून गेले.

पुढच्या आठवड्यात इंजिनिअरिंगला शिकणारी एक मुलगी मदतीला आली. तिनं माण तालुक्यातल्या गावांच्या याद्या उघडल्या. तिथंही तेच दोन-तीन पत्ते.

"दादा, हे सीडीएनचे पत्ते आहेत. माणसाचा खरा पत्ता ते हेडरमध्ये, म्हणजे सहीसोबत येणाऱ्या वरच्या ओळींत, लिहून पाठवतात. पण कोणत्या मध्यस्थाचं खरं मानायचं, ते तुम्ही आपल्या साइटला सांगितलंच नाही. ट्रस्टेड प्रॉक्सीची यादी रिकामी आहे."

"मग सगळ्यांचंच खरं मान म्हणून सांग."

"मग कुणीही हवा तो पत्ता लिहून पाठवेल. सीडीएननं जाहीर केलेले त्यांच्या मशिनांचे पत्ते तेवढेच यादीत घालायचे."

दहा मिनिटांचं काम. तिनं चाचणीची सही केली, तिचा खरा पत्ता उमटला. जुन्या सह्यांचे पत्ते मात्र गेले ते गेलेच. आम्ही ते नोंदवलेच नव्हते. मेजर खरे होते, आणि ते दाखवायचा पुरावा मीच राहू दिला नव्हता. आता सगळ्या सह्या नव्यानं घेणं आलं.

माफीचं पत्रक छापून कुंडलला गेलो. मेजरांनी ते उभ्यानंच वाचलं.

"लय झ्याक लिवतोस गड्या. पर बायका मला इचारत्यात, मेजर, आमच्या सह्या खोट्या कशा? काय सांगू? हेडर?"

"मी सांगतो. घरोघर जाऊन."

"जा की. मी न्हाई येत."

एकटाच निघालो. पहिल्याच मळ्यात एक बाई वैरण कापत होती. पत्रक पुढं केलं.

"मला वाचाय येत न्हाई. तोंडानं सांग."

मेजर खरे आहेत, चूक माझी होती, असं सांगितलं. पुन्हा एकदा सही करता का, म्हणून विचारलं.

"मेजर सांगतील तवा करीन," ती म्हणाली आणि परत वैरण कापायला लागली.