नो, ग्रासियास!

हसणार नसाल तरच सांगतो. जाऊ द्या, तुम्ही हसणारच! पण ही गोष्ट पोटात ठेवून ठेवून आता मलाच अपचन व्हायला लागलंय.

सिद्धगडाच्या पायथ्याशी आमचं घर. गडावर परदेशी लोक येतात, म्हणून मी मोबाईलवर स्पॅनिश शिकलो. 'ओला' म्हणजे नमस्कार, 'नो, ग्रासियास' म्हणजे नको, धन्यवाद. झालो की पंडित!

आणि आली ना एलेना, थेट स्पेनची! मुक्काम आमच्याकडे, सकाळी मी तिला गडावर न्यायचं. वाटाड्या म्हणून माझं पहिलंच काम. ती खूश झाली तर तिच्या मैत्रिणींचा अख्खा ग्रुप येणार होता.

आईने गावठी कोंबडीचा रस्सा केला, तांदळाच्या भाकऱ्या थापल्या. एलेना पोटभर जेवली आणि हसून म्हणाली, "नो, ग्रासियास."

"काय बोलते रे ती?" आईने विचारलं.

अर्थ मला तोंडपाठ होता हो! पण मला सांगा, आपल्याकडे पाहुण्याचं पहिलं 'नको' कुणी धरतं का?

"लाजते गो आये. वाढ!"

आईने वाढलं. ताटात टाकलं तर आम्हाला वाईट वाटेल, म्हणून त्या बिचारीने संपवलं. ताट रिकामं दिसलं, आईने पुन्हा वाढलं! शेवटी एलेनाने ताटावर हातच आडवा धरला.

"बघ, आपल्यासारखीच हाय!" मी खूश. "हात बाजूला कर नि वाढ."

सकाळी गड कसला चढते! पोट धरून खाटेवर आडवी. रिक्षाने मुरबाडला दवाखान्यात नेली, आईही बरोबर. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. डॉक्टरांनी साखर-मिठाच्या पाण्याचा पेला पुढे केला, तशी ती डोळे मिटूनच कण्हली, "नो, ग्रासियास..."

"काय म्हणतात बाई?" डॉक्टरांनी विचारलं.

"नको म्हणते," मी पुटपुटलो.

आई गर्रकन वळली. "आँ? काल ताटावर हेच बोलत होती ना ती! मंग लाजते कशाला बोललास?"

अख्खा दवाखाना माझ्याकडे बघायला लागला. मी भिंतीवरचा लसीकरणाचा तक्ता वाचत बसलो.

एलेना बरी झाली आणि गड न बघताच गेली. मैत्रिणी काही आल्या नाहीत. आईने मात्र धडा घेतला. आता जेवताना मी सवयीने "नको गो" म्हटलं, की ती लगेच टोप उचलून आत नेते.

आणि मी अर्ध्या पोटी हात धुतो!